आवरणे, रिस्ट्रेन आणि रिफ्रेन

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जळगावला बँकेत गेलो होतो. (दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावे लागते. अजून तरी पटते आहे!) रांग मोठी होती, म्हणून समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत उभा राहिलो. शिक्षकाची ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही, पाटी दिसली की वाचायची आणि त्यातल्या चुका शोधायच्या. वर इंग्रजीत लिहिले होते, 'प्लीज रिफ्रेन फ्रॉम युजिंग मोबाईल फोन्स' आणि खाली मराठीत, 'कृपया मोबाईलचा वापर टाळावा'.

भाषांतर चूक नाही. पण मन भरले नाही. टाळायचा तो उधारीवाला, टाळायचा तो उन्हातला प्रवास. 'रिफ्रेन'मध्ये हात खिशाकडे गेलेला असतो आणि आपणच तो मागे घेतो. तो मागे घेतलेला हात 'टाळावा' या शब्दात कुठे दिसत नाही.

त्या पाटीखाली उभ्या उभ्या मला १९७९ सालचा एक वर्ग आठवला आणि कानशिले गरम झाली. ती हकिकत शेवटी सांगतो. आधी शब्दांकडे वळू.

आपल्या मराठीत यासाठी मुख्य क्रियापद एकच, आवरणे. काय विलक्षण शब्द आहे बघा! रडू आवरायचे, राग आवरायचा, उधळलेला बैल आवरायचा, पोरांना आवरायचे. आणि पसाराही आवरायचा, स्वयंपाकघर आवरायचे. लग्नाला निघताना दारात उभे राहून आपण ओरडतो, "आवरलं का तुमचं?" तेव्हा कोणी कोणाला अडवत नसते, फक्त साडी नेसणे चाललेले असते! मुळात संस्कृतातल्या 'आवृ'चा अर्थ झाकणे, वेढणे. 'आवरण' त्यातूनच आले. पसरलेले एका कक्षेत आणणे, हा आवरण्याचा गाभा. मग तो पसारा घरातला असो की मनातला. कोण कोणाला आवरतो, हे मात्र क्रियापद स्वतःहून सांगत नाही, ते वाक्यावरून समजून घ्यायचे.

इंग्रजीत याची दोन वेगळी क्रियापदे आहेत. रिस्ट्रेन आणि रिफ्रेन. नववीच्या वर्गात मी फळ्यावर नियम लिहून द्यायचो, "दुसऱ्याला आवरणे म्हणजे रिस्ट्रेन, स्वतःला आवरणे म्हणजे रिफ्रेन." मुले वहीत उतरवून घ्यायची, पाठ करायची. नियम सुटसुटीत होता. तो अर्धवट होता, हे मला फार उशिरा कळले.

दोन्ही शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. रिस्ट्रेनच्या मुळाशी आहे मागे खेचून करकचून बांधणे. म्हणजे दोरी आली, गाठ आली. रिफ्रेनच्या मुळाशी 'फ्रेनम' हा शब्द आहे, त्याचा अर्थ घोड्याच्या तोंडातला लगाम. आमच्या नशिराबादच्या शेतकऱ्याला हा फरक एका वाक्यात कळेल. दावणीला बांधलेला बैल वेगळा आणि वेसण-कासऱ्यावर चालणारा बैल वेगळा. दावणीचा बैल हलूच शकत नाही. कासऱ्यावरचा बैल चालत असतो, आणि चांगला असेल तर कासरा ओढायच्या आधीच थांबतो. लॅटिनमध्ये मात्र हा लगाम दुसऱ्यालाही घालता येई. इंग्रजीत येऊन काही शतके गेल्यावर तो ज्याचा त्याच्या हातात गेला. (गाण्याच्या ध्रुवपदालाही इंग्रजीत रिफ्रेनच म्हणतात, पण तो शब्द निराळ्या मुळाचा. त्याचा लगामाशी संबंध नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने भजनी मंडळाच्या संदर्भात तो जोडून दाखवला होता आणि मला त्याचे कौतुकच वाटले होते.)

असो. कोशात वाचून शब्दाचा अर्थ कळतो, वजन कळत नाही. मला या दोन क्रियापदांचे वजन कळले ते निवृत्तीनंतर आपल्या खानदेशचा इतिहास वाचताना.

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. तेव्हा इथे होते काय? १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावेच्या गावे ओस. भिल्ल लोक पूर्वी गावांची राखण करत, त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले असत. गावेच उठल्यावर राखण कसली आणि हक्क कसले? ते डोंगरात गेले आणि लुटीवर जगू लागले. सातमाळ्यातल्या भिल्लांचा उपद्रव आमच्या नशिराबादलाही पुन्हा पुन्हा झाल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. (त्याच नोंदीत गावच्या काचेच्या बांगड्यांची तारीफही आहे, ती वाचून उगाच छाती फुगते.)

कॅप्टन ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी. सुरुवातीची सात वर्षे कंपनी सरकारने प्रामुख्याने एकच गोष्ट केली, रिस्ट्रेन. डोंगरांच्या वाटा अडवल्या, पलटणी पाठवल्या, नाईकांना पकडले, फाशी दिले. मधून मधून माफी आणि पेन्शनही देऊ केली, पण भर बंदुकीवर. एक टोळी मोडली की दुसरी उभी राही. फौज तापाने आजारी पडे, कारण सातपुड्यातला पावसाळा बाहेरच्या माणसाला सोसत नसे.

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. भिल्लांना जमिनी द्यायच्या, बैल-बियाण्यासाठी तगाई द्यायची, जुने गुन्हे उगाळायचे नाहीत. आणि भिल्लांचीच एक पलटण उभारायची. हे काम आले जेम्स आउट्रॅम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे. त्याने तळ ठोकला तो आपल्याच जिल्ह्यातल्या धरणगावला. आधी त्यानेही एक छापा घातलाच, तो काही संत नव्हता. पण नंतर तो भिल्लांच्या पाड्यांवर जाऊ लागला, त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला, त्यांच्यात उठू-बसू लागला. ज्यांना पकडायचे होते तेच त्याचे शिपाई झाले. दहा वर्षे तो इथे होता. पुढे १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यामुळे त्याचे नाव गाजले, पण त्याची खरी परीक्षा धरणगावला झाली असे मला वाटते.

मला यात इतिहासापेक्षा व्याकरण दिसते. सात वर्षे सरकार भिल्लांना आवरत होते आणि ते आवरले जात नव्हते. १८२५ मध्ये सरकारने स्वतःला थोडेसे आवरले. बंदूक जवळच होती, ती फक्त आधी उचलायची नाही असे ठरवले. रिस्ट्रेनच्या जागी रिफ्रेन आला आणि खानदेश शांत झाला.

पण शिक्षकांना जे आवडते तसे नीटनेटके उदाहरण इतिहास कधी देत नाही. ही शांतता सरकारच्या सोयीची होती. जंगल कोणाचे, हा प्रश्न तसाच राहिला. १८५७ मध्ये सेंधवा घाटाची रखवाली केलेला खाज्या नाईकच उठला, भीमा नाईक त्याच्या जोडीला होता, आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या लढाईत भिल्लांचे रक्त सांडले. तेव्हा बंदूक आधी उचलली गेली की नंतर, याची चर्चा करायलाही कोणी थांबले नाही.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. १८२५ मध्ये हात आवरणारा हा जो एल्फिन्स्टन, त्याच्याच कारकीर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र केले गेले. त्याला एल्फिन्स्टन कोड म्हणतात. त्यातला पंचविसावा कायदा असा, की राज्याच्या सुरक्षिततेसाठी सरकार एखाद्या माणसाला खटला न चालवता अटकेत ठेवू शकते. बंगालमध्ये १८१८ चा असाच कायदा होता, त्यात तर 'पर्सनल रिस्ट्रेंट' हेच शब्द आहेत. आरोप नको, साक्ष नको, मुदत नको. माणूस दावणीला!

हा १८२७ चा कायदा शंभर वर्षांनी कोणावर चालवला? १९३० च्या मे महिन्यात दांडीजवळच्या कराडीत मध्यरात्री गांधीजींना उचलले ते याच कायद्याखाली. आणि ४ जानेवारी १९३२ ला पहाटे मुंबईच्या मणिभवनातून पुन्हा नेले, तेही याच कायद्याखाली. म्हणजे धरणगावला आउट्रॅमला पाठवणाऱ्याच राजवटीच्या दप्तरातला कागद सव्वाशे वर्षे व्हायच्या आत गांधींसाठी बाहेर निघाला. एकाच माणसाच्या हातून दोन्ही क्रियापदे लिहिली गेली आणि टिकाऊ ठरले ते पहिले.

त्या वर्षी देशभर तुरुंग भरले. आपल्याकडचा धुळ्याचा तुरुंगही भरला. तिथे विनोबा होते, जमनालाल बजाज होते, आणि होते आपले साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी १९३० मध्ये सोडून ते सत्याग्रहात पडले होते. (माझे वडील अमळनेरला शिकले, पण गुरुजींनी शाळा सोडल्यानंतर. ही चुकामूक ते आयुष्यभर सांगत.)

या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय, शेवटचा १९ जूनला. मी जुन्या दिनदर्शिकेवर मोजून पाहिले, एकही रविवार चुकलेला नाही. तुरुंगात असल्याचा एवढा एक फायदा, की वक्ता आणि श्रोते दोघेही गैरहजर राहू शकत नाहीत! साने गुरुजींनी ही प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे. लघुलिपी नाही, ध्वनिमुद्रण नाही. वर्गात टिपणे काढायला सांगितले की हात दुखतो म्हणणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगत असे.

दुसरा अध्याय २८ फेब्रुवारीला झाला. त्यात स्थितप्रज्ञाची लक्षणे येतात आणि तो प्रसिद्ध कासवाचा दाखला येतो. कासव जसे आपले अवयव सगळीकडून आत ओढून घेते, तसा माणूस आपली इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो. मी लहानपणी वाघूर नदीच्या काठी कासवे पाहिली आहेत. काडीने डिवचले की पाय आत. पण पाय कोणी आत ढकलत नाही, ते तेच घेते. आणि धोका टळला की तेच बाहेर काढते, चालू लागते. कासवाला दावणीला बांधल्याने हे साधणार नाही.

आता विचार करा. भिंतीच्या आत बसवलेली माणसे. बाहेर जायचे नाही, भेटायचे ठरलेल्या दिवशी, पत्र तपासून मिळणार. रिस्ट्रेन या क्रियापदाचा यापेक्षा पूर्ण अर्थ दगडात बांधून दाखवता यायचा नाही. आणि त्या भिंतीच्या आत एक माणूस दुसऱ्याच क्रियापदावर बोलतो आहे, बाकीचे ऐकत आहेत. सरकारला पहिले क्रियापद चालवता येत होते. दुसरे सरकारच्या हातातच नव्हते.

पण मला विनोबांइतकाच गीतेचा प्रामाणिकपणा आवडतो. पुढच्याच, तिसऱ्या अध्यायात गीता सांगते, की हातपाय आवरून बसायचे आणि मनात तेच घोळवायचे हा ढोंगीपणा आहे. आणि पुढे असेही विचारते, की माणूस आपल्या स्वभावाप्रमाणेच वागणार, तिथे नुसत्या निग्रहाने काय होणार? म्हणजे स्वतःला दोरीने बांधणे हेसुद्धा रिस्ट्रेनच झाले, रिफ्रेन नव्हे. हे वाचले तेव्हा माझ्या फळ्यावरच्या नियमाचे दोन तुकडे झाले. स्वतःलाही रिस्ट्रेन करता येते!

कायद्याच्या भाषेतही मजा आहे. जमावबंदीचे जे कलम आपल्याला १४४ म्हणून पाठ आहे (नव्या संहितेत १ जुलै २०२४ पासून ते १६३ झाले), त्यात दंडाधिकारी माणसाला अमुक कृत्यापासून 'अ‍ॅब्स्टेन' राहण्याचा हुकूम देतो. अ‍ॅब्स्टेन म्हणजे रिफ्रेनचा सख्खा भाऊ, त्यातही माणूस स्वतःच दूर राहतो. म्हणजे सरकार म्हणते, तुम्ही आपणहून स्वतःला आवरा, नाहीतर आम्ही आवरतो. आणि उलट बाजूने, कोणी कोणाची वाट बेकायदा अडवली तर तो 'राँगफुल रिस्ट्रेंट'चा गुन्हा. भारतीय दंडविधानात ते कलम ३३९ होते, आता न्यायसंहितेत १२६ आहे. आमच्या गावात शेताच्या बांधावरून वाट अडवल्याची भांडणे पाहता हे कलम नांगराइतकेच वापरात असायला हवे होते.

आता १९७९ चा वर्ग.

मी तेव्हा नशिराबादपासून दूर एका गावच्या शाळेत होतो. नववीला इंग्रजीचे भाषांतर. वाक्य दिले होते, 'त्याने स्वतःला आवरले.' माझ्या नियमाप्रमाणे स्वतःला आवरणे म्हणजे रिफ्रेन, म्हणून उत्तर मी ठरवून ठेवले होते, 'ही रिफ्रेन्ड हिमसेल्फ'. पस्तीस मुलांनी तेच लिहिले. एकाने लिहिले, 'ही रिस्ट्रेन्ड हिमसेल्फ'. मी लाल शाईने फुली मारली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, डिक्शनरीत असंच आहे." त्याचा मामा भुसावळला रेल्वेत होता, त्याने ती डिक्शनरी आणून दिली होती.

मी त्याला पुढे बोलावले. दोन्ही हातांवर दोन दोन छड्या दिल्या. उलट बोलल्याबद्दल, असे मी वर्गाला सांगितले.

संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयातला मोठा कोश काढून पाहिला. मुलगा बरोबर होता. इंग्रजीत माणूस स्वतःला रिस्ट्रेन करतो. रिफ्रेनला कर्मच लागत नाही, माणूस कशापासून तरी रिफ्रेन होतो, स्वतःला रिफ्रेन करत नाही. चूक माझी, आणि माझ्यामुळे पस्तीस जणांची. (१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये रिफ्रेनला कर्म लागलेले आहे, हे मी नंतर शोधून काढले. म्हणजे साडेतीनशे वर्षे आधी जन्मलो असतो तर बरोबर ठरलो असतो. यावरून मी स्वतःच्या बचावासाठी कुठवर गेलो होतो हे कळेल.)

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे ठरवले होते. नाही सांगितले. पुढच्या धड्याला सुरुवात केली. नियम मात्र फळ्यावर लिहिणे बंद केले आणि कोणी विचारलेही नाही. छडी बंद केली नाही. ती बंद झाली कितीतरी वर्षांनी, आणि तीही माझी मीच केली असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तोवर काळच बदलत चालला होता, पालक विचारू लागले होते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा येऊन त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन एक वर्ष झाले होते. मला कायद्याने आवरले नाही, आणि वेळेवर मीही आवरले नाही.

बँकेतून निघालो आणि गावी आल्यावर स्टँडजवळ एक हाक आली. "गुरुजी, वयखलं का मले?" टक्कल पडलेला, साठीचा माणूस. क्षणभर ओळखले नाही, मग डोळ्यांवरून ओळखले. तोच! मुलीला नशिराबादला दिले आहे, तिच्याकडे आला होता. इतक्या वर्षांत कधी भेट नाही आणि नेमकी त्याच दिवशी व्हावी! हात धरून चहाच्या टपरीवर घेऊन गेला. पाच-सहा वर्षांचा नातू बरोबर होता.

मी चहा येण्याआधीच सांगून टाकले. वाक्य, फुली, छडी, कोश, सगळे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मार त सगळ्याच सरांचा खाल्ला, कोनता कोनाचा, ध्यानात राह्यते का?" त्याला त्या दिवसातले काहीही आठवत नव्हते. डिक्शनरी आठवत होती. ती अजून घरी आहे म्हणाला, पाने सुटी झाली आहेत, दोऱ्याने बांधून ठेवली आहे.

"पण तुझं वाक्य बरोबर होतं," मी पुन्हा म्हणालो.

तो हसला आणि नातवाकडे वळून म्हणाला, "आयकलं का? तुह्या आजाचं बरोबर होतं." नातू बशीतला चहा फुंकत होता. त्याने मान वर केली नाही. बशी हिंदकळली, चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला, आणि आजोबांचा हात सवयीने वर गेला. तो त्यांनी तसाच खाली आणला, खिशातून रुमाल काढला आणि सदरा पुसू लागले.